चावीवाल्याचे बेचाळीस किलोमीटर

विद्याधर घाडी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही धावले नव्हते. धावायची पाळीच आली नाही, कारण ते वेळेवर निघायचे.

नोकरी पाणीखात्यात, चावीवाल्याची. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात, त्यांच्याखाली पाण्याचे व्हॉल्व्ह असतात. खांद्यावर पाच फुटी चावी टाकायची, झाकण उचलायचं, चावी बसवायची आणि फेरे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा. ठरलेल्या वेळी परत येऊन बंद करायचा. घाटकोपरच्या टेकडीचा भाग त्यांच्याकडे होता. एका पाळीत तेवीस व्हॉल्व्ह, चढउतार धरून चौदा-पंधरा किलोमीटर चाल. चावीचं वजन अकरा किलो. पावसात चेंबर भरलेला असायचा, उन्हात झाकण चटका द्यायचं. घाडींनी कधी तक्रार केली नाही आणि कुणी कौतुक केलं तर तेही त्यांना रुचायचं नाही. काम नीट झालं तर पाणी येतं, नाही झालं तर येत नाही. त्यात कौतुकाला जागा कुठे आहे, असं ते विचारायचे.

टेकडीवरच्या वस्तीची वेळ सकाळी सहा चाळीस ते आठ. वेळापत्रक वरून यायचं, घाडी ते मिनिटाला धरून पाळायचे. आठ वाजता ते चावी लावायला वाकले की वरून बायका ओरडायच्या, अजून दोन मिनिटं थांबा, एकच हंडा राहिलाय. घाडी थांबायचे नाहीत. वर दोन मिनिटं जास्त दिली की खालच्या गल्लीची दोन मिनिटं जायची, आणि खालच्या गल्लीतही बायकाच होत्या.

नोकरीतून सुटल्यावर तीन वर्षांनी, हयातीचा दाखला द्यायला ते घाटकोपरच्या बँकेत रांगेत उभे होते. पुढची बाई वळून त्यांच्याकडे बघायला लागली. तिशी-पस्तिशीची, खांद्याला कापडी पिशवी. तुम्ही टेकडीचे चावीवाले ना, म्हणाली. मग हसत हसत सांगितलं की तिचं नाव माधुरी, ती वरच्या वस्तीत वाढली, आणि तिची शाळा सातची होती.

"पहिला तास गणिताचा असायचा," ती म्हणाली. "सहा वर्षं माझा पहिला तास तुमच्याकडे होता, काका."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर घाडींनी वेळापत्रक कुणाच्या सहीने यायचं ते सांगितलं असतं. तिने नुसतं सांगितलं, हवा कशी आहे ते सांगावं तसं. घाडींना घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. हंडे घेऊन रांगेत मुली असायच्या, मुलगे नसायचे, हे त्यांनी छत्तीस वर्षं पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण ते आपल्या चावीतलं काम नव्हे म्हणून पुढे गेले होते.

माधुरीची एक छोटी संस्था होती. टेकडीच्या पायथ्याशी एका खोलीत मुलींची अभ्यासिका चालवायची. दुपारी तीन ते रात्री नऊ. चाळीसेक मुली, आठ लांब टेबलं, दोन शिकवणाऱ्या बाया. घरी पाय पसरायला जागा नसलेल्या पोरी इथे येऊन पुस्तक उघडायच्या. घाडी एकदा बघायला गेले आणि मग दर शनिवारी जायला लागले. नळाचा वायसर बदल, खिडकीची कडी बसव, टेबलाचा हलणारा पाय पक्का कर. मुली त्यांना घाडीकाका म्हणायच्या.

दुसऱ्या वर्षी जागामालकाने खोली विकायला काढली. पुढच्या वर्षीच्या मार्चअखेर रिकामी करा म्हणाला. जवळच दुसरी खोली मिळत होती, पण अनामत आणि वर्षाचं भाडं एकदम हवं होतं. संस्थेकडे त्याच्या निम्मंही नव्हतं. माधुरीने बरेच दरवाजे ठोठावले. नवी खोली नाही मिळाली तर अभ्यासिका बंद, हे तिने मुलींना सांगितलं नव्हतं. घाडींना सांगितलं.

वाट काढली ती केयूरने. घाडी मुलुंड पूर्वेला तीन मजली जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. केयूर दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि अंधेरीला एका कंपनीत कामाला आहे. त्याच्या कंपनीची एक योजना होती. कर्मचाऱ्याने एक धावक सुचवायचा. जानेवारीत पूर्व उपनगरांत मॅरेथॉन असते, ती धावकाने सात तासांच्या आत पूर्ण केली आणि अधिकृत निकालात त्याचं नाव आलं, तर धावक सांगेल त्या संस्थेला कंपनी मोठी देणगी देणार. अर्धी मॅरेथॉन चालणार नाही, पूर्णच हवी. माधुरीला लागणारी रक्कम त्यात पूर्ण बसत होती.

धावणार कोण, हा प्रश्न होता. अभ्यासिकेतल्या मुली अठराच्या आतल्या. माधुरीची पाठ शाळेत असल्यापासून दुखते. केयूर तर स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावर चढतानाही मोबाइल बघायच्या निमित्ताने पहिल्यावर थांबतो. घाडी म्हणाले, मी करीन. केयूरला वाटलं काका गंमत करतायत. घाडी गंमत करत नाहीत, हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पाच वाजता त्यांनी त्याची बेल वाजवली आणि विचारलं, बेचाळीस किलोमीटर म्हणजे इथून कुठपर्यंत?

आधी डॉक्टरकडे जाऊन छातीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. मग नऊ महिने सराव. सुरुवातीला दिव्याचे आठ खांब धावले की चालायला लागायचे. महिन्याभराने बारा खांब झाले. घाडींनी कधी एका दिवसात दोन खांब वाढवले नाहीत. सोसायटीतली व्यायाम करणारी मुलं म्हणायची, अंग दुखलं म्हणजे व्यायाम झाला. घाडींच्या मते अंग दुखलं म्हणजे काम चुकीच्या पद्धतीने झालं. अकरा किलोची चावी छत्तीस वर्षं वागवलेल्या माणसाला ताकद लावायची कशी हे शिकवावं लागत नाही. कुठे लावायची नाही, ते शिकावं लागतं. ते त्यांना येत होतं.

रुक्मिणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे काहीच पटलं नव्हतं. ती कणकवलीकडची. मुंबईत आल्याला चाळीस वर्षं झाली तरी रागावली की मालवणीच बोलते. तिने वीस वर्षं घरातून जेवणाचे डबे करून दिले, उभ्याने, आणि त्यात गुडघे गेले. डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितल्यापासून ती आठवड्यातून दोनदाच खाली उतरायची. नवरा पहाटे धावायला निघाला की ती अंथरुणातून म्हणायची, ह्या वयात खुळे झालात. पण आदल्या रात्रीच भिजवलेले खजूर आणि ताटलीखाली झाकलेलं केळं ओट्यावर असायचं.

शर्यतीच्या दोन दिवस आधी घाडींना नंबर मिळाला. चार हजार एकशे सतरा. जाड कागदाचा, छातीवर लावायचा. मैदानावरच्या मंडपात रांग लावून त्यांनी तो घेतला आणि तिथून सरळ झेरॉक्सच्या दुकानात गेले.

याला कारण होतं. नोकरी लागताना त्यांनी एका कचेरीत शाळा सोडल्याचा अस्सल दाखला दिला होता. तो तिथून परत आला नाही. दुसरा काढायला गावी अकरा खेपा झाल्या. तेव्हापासून घाडींचा नियम होता की ओरिजिनल घराबाहेर काढायचं नाही. रेशनकार्ड असो, पेन्शनची ऑर्डर असो, बाहेर जाते ती झेरॉक्स. ओरिजिनल कपाटातल्या लाल फाइलमध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात. नंबराच्या त्यांनी चार रंगीत झेरॉक्स काढल्या. एक लॅमिनेट करून चारही कोपऱ्यांना भोकं पाडून घेतली, म्हणजे घामाने भिजायला नको. दुकानदार म्हणाला, काका, ओळखू येणार नाही हां. घाडींना समाधान वाटलं. ओरिजिनलच्या मागे एक काळी पट्टी चिकटवलेली होती. मॉलमधल्या कपड्यांना चोरी होऊ नये म्हणून असते तसली असेल, असं त्यांनी धरलं आणि फाइल बंद केली. विचारायला केयूर नव्हता, तो मामेबहिणीच्या लग्नाला सुरतला गेला होता.

रविवारी पहाटे पाचला शर्यत मुलुंडहून सुटली. मार्ग सोपा होता. मुलुंडहून हायवेने घाटकोपर, तिथे वळसा, परत मुलुंड. अशा दोन फेऱ्या. घाडी गर्दीच्या शेवटी उभे राहिले. सुटताना लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखे पुढे गेले. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. भांडुपला अजून अंधारच होता. विक्रोळीला सुरुवातीला जोरात गेलेली पोरं कमरेवर हात ठेवून चालताना दिसली. घाटकोपरला वळशाआधी माधुरी आणि तिच्या दहा-बारा मुली पाण्याचं टेबल लावून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. राधा नावाची नववीतली मुलगी दहा पावलं बरोबर धावली आणि म्हणाली, काका, तुम्ही फारच हळू धावता. घाडी म्हणाले, अजून खूप बाकी आहे.

सव्वाआठला एक मिनिट असताना ते मुलुंडला परत आले. एकवीस किलोमीटर झाले होते. श्वास नेमका चालू होता, पाय जड होते पण ऐकत होते. तिथे रस्त्यावर एक निळी रबरी चटई आडवी पसरलेली होती. घाडींच्या पुढे एक बाई गेली, चटई पिंक् करून वाजली. मागून दोघे आले, दोनदा वाजली. घाडी गेले तेव्हा वाजली नाही.

दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नसतं. घाडींची नोकरी कानावर होती. झाकणाला कान लावून पाणी चाललंय की नाही ते सांगायचे. ते थांबले, मागे आले आणि पुन्हा चटईवरून गेले. पुन्हा आवाज नाही. सुटताना आणि घाटकोपरच्या वळशावर गर्दीत चटया सतत वाजत होत्या, तिथे हे कळलं नव्हतं.

बाजूला छत्रीखाली लॅपटॉप घेऊन एक मुलगी बसली होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर निधी असं नाव. तिने घाडींच्या छातीकडे पाहिलं, जवळ येऊन लॅमिनेशनला बोट लावलं, उलटून पाहिलं.

"काका, ही झेरॉक्स आहे?"

"हो. ओरिजिनल घरी आहे."

"घरी?"

"सांभाळून ठेवलाय."

निधीला हसू आलं आणि तिने ते लगेच गिळलं. मग तिने समजावलं. मागची काळी पट्टी म्हणजेच चिप. माणूस चटईवरून गेला की चिप वाजते आणि वेळ आपोआप लिहिली जाते. चिप नाही म्हणजे मशीनच्या लेखी ते धावलेच नाहीत. सकाळपासून एकवीस किलोमीटर चार हजार एकशे सतरा नंबर मुलुंडच्या एका कपाटात होता.

घाडींना तिथे उभ्या उभ्या घाम फुटला. धावून आलेला घाम वेगळा आणि हा वेगळा. त्यांनी विचारलं, आता काय करता येईल? निधीने वॉकीटॉकीवर वरिष्ठांना विचारलं. बरंच खरखर झाल्यावर उत्तर आलं. सुरुवातीच्या आणि इथल्या चटईवर कॅमेरे आहेत, तिथली वेळ फोटोवरून लावता येईल. पण दुसऱ्या फेरीत घाटकोपरच्या वळशावर आणि शेवटी इथे, दोन्हीकडे चिप वाजलीच पाहिजे. दुसऱ्या फेरीत लोक मधूनच परत फिरतात, म्हणून घाटकोपरची नोंद सोडता येत नाही. नोंद नसेल तर निकालात नाव नाही.

आणि निकालात नाव नसेल तर खोली नाही. हे निधीला माहीत नव्हतं.

रुक्मिणी अडथळ्याच्या पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर कोकम सरबताची बाटली घेऊन बसली होती. घाडींनी तिला चार वाक्यांत सांगितलं. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते, ती कधी कुणाच्या हातात देत नाही. घरी जायचं, लाल फाइल उघडायची, मागे काळी पट्टी असलेला कागद घ्यायचा, गाडीने घाटकोपरला यायचं आणि हायवेवर माधुरीच्या टेबलाशी उभं राहायचं. दहाच्या आत. हे बोलताना त्यांना तिचे गुडघे आठवत होते, पण दुसरं कोणी नव्हतं.

रुक्मिणी उठली. "छत्तीस वर्सां कागद जपलास, आता माका नाचवतास," ती म्हणाली. मग बाटली त्यांच्या हातात दिली. "पिया आणि चला. माका शिकवू नकात."

आठ एकवीसला ते दुसऱ्या फेरीला लागले. सात मिनिटं गेली होती.

पुढचे दहा किलोमीटर घाडी रस्त्यावर धावत होते आणि डोक्यात रुक्मिणीबरोबर चालत होते. चावी फिरवल्यावर पाणी कुठल्या गल्लीत कधी पोचेल हा हिशेब त्यांना पाठ असायचा. तसाच हा लावला. आता ती बाजाराच्या कोपऱ्यावर. आता इमारतीच्या दाराशी. एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा, चोपन्न पायऱ्या. मधे दोनदा थांबणार. कपाट. परत चोपन्न, आणि उतरताना गुडघ्याला जास्त कळ. स्टेशनचा पूल. रविवारची गाडी, अर्धा तास थांबायला लागू शकतं. रुळांच्या कामाचा मेगाब्लॉक अकराच्या पुढे, तेवढं नशीब. घाटकोपरला परत पूल. मग रिक्षा, पण हायवेकडचा रस्ता शर्यतीसाठी बंद, म्हणजे शेवटचा तुकडा पायी.

हिशेब कसाही लावला तरी दहाच्या आत बसत नव्हता.

मग कशासाठी धावायचं? कांजुरमार्गच्या पुलाखाली हा प्रश्न आला. पाय दगडासारखे झाले होते आणि ऊन वर आलं होतं. थांबलं तर कुणी विचारणार नव्हतं. घाडींनी त्याचं उत्तर शोधलं नाही. पाळी अर्धी टाकून ते कधी घरी गेले नव्हते. नोंद होईल की नाही हे दुसऱ्याच्या हातात होतं, पाय त्यांच्या हातात होते. त्यांनी पुढचा खांब धरला. मग त्याच्या पुढचा.

दहा वाजून पाच मिनिटांनी ते माधुरीच्या टेबलाशी पोचले. रुक्मिणी नव्हती.

वळशाची चटई पन्नास पावलांवर दिसत होती. त्यांनी माधुरीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, काका, तुम्ही निघा, पैशांचं मी दुसरीकडे बघते. तिच्या आवाजावरून दुसरीकडे काही नाही हे कळत होतं. घाडींनी घड्याळ पाहिलं. बाराला शर्यत बंद होणार. परतीच्या साडेदहा किलोमीटरला या पायांनी किती वेळ लागेल ते त्यांनी मनात मांडलं आणि चार मिनिटं ठरवली. चार मिनिटांपुढे थांबलं तर चिप मिळूनही उपयोग नाही.

चार मिनिटं झाली. मुली रस्त्याच्या तोंडाशी जाऊन बघून आल्या. कुणी नाही.

घाडी तिथेच उभे राहिले.

"वेळ झाली, काका," माधुरी म्हणाली.

"दोन मिनिटं थांबतो."

माधुरीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही? दोन मिनिटं?"

 टेकडीवरून येणारा तो आवाज त्यांनी हजारो वेळा ऐकला होता. त्या दोन मिनिटांत काय असतं हे त्यांना आज कळत होतं. त्यात एक माणूस जिना चढत असतो.

दोनाची तीन झाली. मग राधा ओरडली. तिने रस्ता बंद केलेल्या लोखंडी जाळीकडे बोट दाखवलं. पोलीस कोणाशी तरी वाद घालत होता आणि ती कोणीतरी लाल फाइल त्याच्या नाकासमोर नाचवत होती. राधा आणि दोन मुली धावल्या. पोलिसाने काय ऐकलं कोण जाणे, जाळी सरकली. रुक्मिणी दोन्ही बाजूंनी मुलींच्या खांद्यावर हात टाकून आली. चेहरा लाल, पदर कमरेला खोचलेला, पायात वेगवेगळ्या दोन चपला.

तिने फाइल टेबलावर टाकली. "चष्मो गावाक नाय," ती धापा टाकत म्हणाली. "चार-चार कागद एकसारखे. खयचां खरां नि खयचां खोटां, माका काय कळतला? म्हणान आख्खी फायलच हाडलंय."

मुलींनी फाइल उघडली. रेशनकार्ड निघालं, पेन्शनची ऑर्डर निघाली, गावच्या घराचा सातबारा निघाला, एक झेरॉक्स, दुसरी झेरॉक्स. माधुरीने तिसरा कागद उलटला. काळी पट्टी. एका मुलीच्या केसांतल्या पिना काढून तो घाडींच्या शर्टावर लावला, लॅमिनेशनच्या वरच. घाडी रुक्मिणीला काही म्हणणार होते.

"माझ्याकडे काय बघतास? चला."

ते चटईवरून गेले. पिंक् करून वाजली. मागे मुली ओरडल्या. घाडींनी मागे पाहिलं नाही, पण चटईच्या त्या पिंक्इतका हलका आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. पाणी पहिल्यांदा वर चढतं तेव्हा नळातून आधी हवा येते, तसं काहीतरी त्यांच्या छातीतून बाहेर पडलं.

परतीचं काही सांगण्यासारखं नाही. ते नुसतं काम होतं. विक्रोळीनंतर त्यांनी दोन खांब धावायचं, एक चालायचं असं सुरू केलं. नाहूरच्या पुढे उजव्या पोटरीत गोळा आला. रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी तो अंगठ्याने दाबून सोडवला. त्यात तीन मिनिटं गेली. पुढे चालण्याचे खांब त्यांनी काढून टाकले. पाण्याची टेबलं आवरायला लागले होते, झाडूवाल्या बाया कागदी पेले गोळा करत होत्या. त्यातली एक म्हणाली, मामा, पोचाल, दूर नाही आता. ते घाडींना माहीत होतं, पण कुणी सांगितलं हे बरं वाटलं.

अकरा सत्तावन्नला ते निळ्या चटईवरून गेले. वाजली. ते चार पावलं पुढे गेले आणि अडथळ्याचा दांडा धरून उभे राहिले. निधी लॅपटॉप सोडून आली. दोन्ही नोंदी लागल्यात, ती म्हणाली, सकाळचे फोटोही तिने स्वतः काढून ठेवलेत, संध्याकाळी निकाल लागेल. घाडींनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. त्यांनी आणखी एकदा विचारलं. मग ते रस्त्याच्या कडेला बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. कुणीतरी गळ्यात पदक घातलं.

रुक्मिणीला माधुरीने रिक्षाने घरी आणून सोडलं होतं. घाडी चोपन्न पायऱ्या चढून आले तेव्हा त्यांनी त्या मोजल्या. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती, गुडघे टम्म सुजलेले. फाइल बाजूला होती, तिने चष्मा लावून सगळे कागद पुन्हा पाकिटात घातले होते. चष्मा कुठे होता, त्यांनी विचारलं. डोक्यावर, ती म्हणाली, आणि हसायचं नाही असं बजावलं.

घाडी हसले नाहीत. त्यांनी पाणी गरम केलं, घमेल्यात मीठ टाकलं आणि घमेलं तिच्या पायाशी ठेवलं. मग कपडा भिजवून तिचे गुडघे शेकायला बसले. तुम्ही बेचाळीस किलोमीटर धावून आलात, आधी तुमचे पाय बुडवा, ती म्हणाली. घाडी म्हणाले, मला नऊ महिने सराव होता, तुला एक दिवसही नव्हता.  थोड्या वेळाने रुक्मिणी म्हणाली, ती नववीतली पोर भारी धीट आहे, पोलिसाला म्हणाली की आजीला अडवलंत तर मी रस्त्यात बसेन.

सहाच्या सुमारास दोघांनाही डुलकी लागली असताना फोन वाजला. सुरतहून केयूर होता. मागे लग्नाचा बँड, त्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. निकाल लागलाय, तो ओरडून सांगत होता, चार हजार एकशे सतरा, विद्याधर घाडी, सहा तास सत्तावन्न मिनिटं, नाव आहे, मी कंपनीला पाठवून पण दिलं. काका, ऐकताय ना? घाडी ऐकत होते. त्यांनी माधुरीला कळवलंस का म्हणून विचारलं. तिलाच आधी फोन केला, केयूर म्हणाला, ती रडतेय, आणि मुली तिच्यावर हसतायत.

घाडींनी फोन ठेवला. रुक्मिणी डोळे मिटूनच होती.

"झालां?" तिने विचारलं.

"झालं."

"मग आता निजा," ती म्हणाली आणि सरकून त्यांना जागा केली. बाहेर अजून उजेड होता. अशा वेळी घाडी कधी झोपत नाहीत. त्या दिवशी झोपले.